एका जागेचे दोन पत्ते

६ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा तो आवाज. कॉम्प्युटरच्या पोटात बसून कुणी नखाने पत्रा खरवडावा तसा.

खाणीच्या सर्वे ऑफिसात नकाशांचं काम मी बघते, आणि नकाशे काढायचा आमचा प्रोग्राम या एकाच म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर चालतो. त्याची हार्ड डिस्क आता मरायला टेकलीय. तिच्यावर साठेक जुने नकाशे आहेत. आमच्या जन्माच्या आधी कोळसा काढून सोडून दिलेल्या बोगद्यांचे. त्या बोगद्यांत आता काठोकाठ पाणी आहे. खाली नवीन काम करणारी माणसं चुकून त्या पाण्याकडे जाऊ नयेत, एवढ्यासाठी तर आमचं ऑफिस.

सर्वेचे साहेब म्हणाले, "मोठी डिस्क मागवलीय. बाहेरचा माणूस कशाला बोलवायचा? तूच बसव. तुला जमतं."

"तुला जमतं" ऐकलं की मला अजून शाळेत शाबासकी मिळाल्यासारखं होतं. वाईट खोड.

९ जानेवारी, गुरुवार

बसवली. सोपं नव्हतं, म्हणून लिहून ठेवते.

डिस्कमध्ये एकावर एक तबकड्या असतात. तबकडीच्या प्रत्येक बाजूला वाचणारं एक डोकं. तबकडीवर गोल वाटा, एकाखाली एक येणाऱ्या वाटा मिळून एक सिलिंडर, आणि वाटेचे तुकडे म्हणजे सेक्टर. कुठलीही गोष्ट कुठे ठेवलीय याचा पत्ता या तीन आकड्यांत: कितवा सिलिंडर, कितवं डोकं, कितवा सेक्टर. हल्लीच्या मशीनना डिस्क स्वतःच सांगते की बाई, मी एवढी एवढी आहे. आमच्या मशीनने विचारलं, डिस्कने उत्तर दिलं, आणि याला ते कळलंच नाही. पडद्यावर नुसती रेघ लुकलुकत राहिली.

मग लेबलवरचे आकडे हाताने भरले. सिलिंडर आठ हजार नऊशे बारा, डोकी सोळा, सेक्टर त्रेसष्ट. मशीनने पूर्ण आकार दाखवला. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

गंमत म्हणजे आत खरी सोळा डोकी नसतातच. एवढ्याशा डबीत आठ तबकड्या मावतील कुठून? ते डिस्क आणि मशीन, दोघांनी सोयीसाठी धरलेले आकडे. घरी ह्यांना सांगितलं. आमचे हे खाणीत ड्रिल चालवतात, हसायला कारण लागत नाही. म्हणाले, "म्हणजे दोघंही एकमेकांना थापा मारतात आणि तरी काम चालतं. संसारच की!"

१७ जानेवारी, शुक्रवार

सगळे जुने नकाशे नव्या डिस्कवर आले. एकेक उघडून कागदाच्या मूळ नकाशाशी ताडून पाहिला. रेघ न् रेघ बरोबर. डोळे चुरचुरतायत, पण मन निवांत आहे.

साहेबांनी त्याच दुपारी कागद हलवले. वाळवी लागली होती, जागा अडत होती, आणि वरून पाहणीला लोक येणार आहेत म्हणे. ट्रक भरून रद्दीत गेले. मला जरा चुटपुट लागली. तसं म्हणालेही. साहेब हसले. "तू तपासलंयस ना? मग झालं तर. इथे एक सही कर, सगळं तपासून घेतलं म्हणून. तुझ्या कामाची नोंद राहील." केली. बाकीचे साहेब लोक कुणाच्या कामाची नोंद ठेवतात एवढी?

जुनी डिस्क माझ्या खणात राहू दिली. टाकायचं माझ्याच्यानं होत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

उत्तरेकडच्या नव्या जमिनीचे कागद स्कॅन करायला आलेत. अजून तिथे खणलेलं काहीच नाही, त्यामुळे कागद बहुतेक कोरेच, मध्ये चारदोन रेघा. जुन्या नकाशांत मिसळायला नकोत म्हणून डिस्कचा मागचा अर्धा भाग वेगळा कप्पा करून उघडला आणि ते तिकडे टाकायला घेतले. प्रत्येक कागदाच्या वरच्या कडेला मी पेनने नंबर घालते, मगच स्कॅन करते.

दुपारी रेडिओ आला होता ह्यांचा डबा विसरला म्हणून न्यायला. रेडिओ म्हणजे ह्यांचा ड्रिलवरचा जोडीदार. तोंड एक क्षण बंद नाही म्हणून हे नाव, खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू येतं. कोऱ्या नकाशाकडे बघून म्हणाला, "वहिनी, असलं काम मलाही द्या की. काहीच नसलेलं काढायचं!"

१९ फेब्रुवारी, बुधवार

दक्षिणेच्या बोगद्याचं काम पुढे न्यायचं ठरलंय. साहेबांना सत्तावीस नंबरचा जुना नकाशा हवा होता. उघडला तर मध्यावर आडवी, ठिपक्याठिपक्यांची एक बारीक रेघ. स्कॅनरच्या काचेवर कचरा असणार. पण मग जानेवारीत कशी दिसली नाही? तेव्हा डोळे थकले असतील. साहेब म्हणाले, "छापायच्या आधी ते पूस, वर न्यायचाय, बरं नाही दिसत." प्रोग्राममधल्या खोडरबरने एकेक ठिपका टिपून काढला. स्वच्छ झाला नकाशा.

रेघेच्या खाली सगळं कोरं. साहेब खूश. "बघ, दक्षिणेला जुनं काम नाहीच. सरळ जाता येईल."

मला उगाच वाटत होतं की सत्तावीसवर खालच्या अंगाला वाकड्या बोटासारखी एक गल्ली होती. साठ नकाशे पाहिल्यावर कुणाची गल्ली कुठे हे थोडंच लक्षात राहतं. अठ्ठावीसवर असेल.

४ मार्च, मंगळवार

ह्यांचे बूट दाराबाहेर उलटे करून ठेवले तर पाणी ओघळलं. दक्षिणेचा बोगदा तर कोरडा म्हणत होते.

"होता कोरडा," हे म्हणाले. "आता कोळशाला घाम सुटलाय."

रेडिओ सोबतच आला होता. एरवी चहा येईपर्यंत तीन किस्से सांगतो, आज कपाशी खेळत बसला. म्हणाला, "वहिनी, पाण्याला वास येतोय. सडक्या अंड्याचा. ताज्या पाण्याला येत नाही असा. खूप दिवस कोंडलेल्याला येतो."

"मग मुकादमांना सांगितलंत का?"

"सांगितलं," रेडिओ म्हणाला. "ते म्हणाले, नकाशात तर पुढे काही नाही, दगडातलं झिरपत असेल." आणि हे माझ्याकडे बघून म्हणाले, "नकाशा तूच दिलायस ना?"

"मीच."

"मग बरं," हे म्हणाले, आणि खरंच निर्धास्त झाले. मला मात्र चहा गोड लागेना.

१३ मार्च, गुरुवार

अक्षर वेडंवाकडं येतंय.

वासाचं डोक्यातून जाईना म्हणून सत्तावीसच्या आजूबाजूचे नकाशे एकेक करून उघडले. एकतीस नंबर. माझ्या जन्माआधीचा. निम्म्यापर्यंत बोगदे, मग ती ठिपक्यांची रेघ, आणि तिच्या जरा खाली पेनने घातलेला एक नंबर. सातच्या पोटात आडवी दांडी. मला तशी दांडी द्यायची सवय आहे.

माझ्या जन्माआधीच्या नकाशावर माझं अक्षर.

तो नंबर उत्तरेच्या नव्या कागदाचा आहे. मी फेब्रुवारीत घातलेला. उत्तरेचा कागद मागच्या कप्प्यात उघडला: अख्खा, बिनचूक. एकतीस पुन्हा उघडला: वरचं धड त्याचं, खालचं याचं.

मशीनच्या पुस्तकात शोधत बसले. पार शेवटी, बारीक अक्षरांत सापडलं. या मशीनला चार हजार शहाण्णव सिलिंडरच मोजता येतात. आकडा मोठा भरला तर ते तक्रार करत नाही. स्कूटरचं मीटर सगळे नऊ झाल्यावर जसं शून्यावर येतं, तसं ते पुढचा पत्ता पुन्हा पहिल्यापासून मोजतं. पडद्यावर आकार पूर्ण दाखवला तो मी भरलेल्या आकड्यांचा गुणाकार होता, दुसरं काही नाही. मागचा कप्पा मागे नव्हताच. तो जुन्या नकाशांच्या डोक्यावर होता. एकाच जागेला दोन पत्ते. उत्तरेचा प्रत्येक कोरा कागद ठेवताना मी खाली एकेक बोगदा पुसत होते.

म्हणजे सत्तावीसचा खालचा भाग कोरा नव्हता. त्यावर उत्तरेचा कोरा कागद येऊन बसला होता, आणि दोघांमधली शिवण मी स्वतः खोडरबरने साफ केली.

खाली काय होतं मला माहीत नाही. जुनी डिस्क खणात आहे. उद्या ती जोडायची.

१४ मार्च, शुक्रवार

जुनी डिस्क जोडली. जानेवारीत ती काढली तेव्हाच मशीन तिचे आकडे विसरलं होतं. लेबलवरचे आकडे भरले. मशीन म्हणालं, इथे काहीच नाही. पुन्हा भरले. काहीच नाही. डिस्क खरवडतेय, म्हणजे जिवंत आहे, मग वाचता का येत नाही?

शेवटी उलटा विचार केला. लेबलवर काय छापलंय याला अर्थ नाही, ती भरली तेव्हा मशीनला काय सांगितलं होतं ते महत्त्वाचं. आणि पहिला सेक्टर कुठल्याही मोजणीने पहिलाच असतो. तो तेवढा वाचता आला. त्यात कप्पा कुठे संपतो हे लिहिलेलं असतं. शेवटचं डोकं एकतीस. सेक्टर एकापासून मोजतात, डोकी शून्यापासून. म्हणजे भरताना डोकी बत्तीस धरली होती, लेबलवरच्या दुप्पट. तर मग सिलिंडर निम्मे. सेटअपमध्ये नेमका असा हिशेब धरणारा 'लार्ज' म्हणून एक पर्याय आहे. तो निवडला.

नकाशे उघडले. सत्तावीस उघडला.

वाकड्या बोटासारखी गल्ली. आणि तिचं टोक आपला नवीन बोगदा जिथे चाललाय तिथेच.

दोन प्रती छापून साहेबांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. साहेबांनी दार लावून घेतलं, मला पाणी दिलं. म्हणाले, "बरं केलंस आधी माझ्याकडे आलीस. आणखी कुणाला सांगितलंस?" नाही म्हटलं. "सांगू नकोस. उगाच घबराट होईल. मी मॅनेजरांना बोलतो, काम थांबवतो. ती प्रत माझ्याकडे दे. आणि हो, ती जुनी डिस्कही."

प्रत दिली. डिस्क मशीनला जोडलेली होती, ती सोमवारी काढून देते म्हणाले. साहेब रागावले नाहीत माझ्यावर. दुसरा कुणी असता तर ओरडला असता.

घरी ह्यांना म्हटलं, दक्षिणेचं काम आता थांबेल. हे म्हणाले, "असं? आम्हाला तर उद्या दुप्पट करायला सांगितलंय. पाहणी आहे ना."

साहेबांचा निरोप खाली पोचला नसेल अजून. सकाळपर्यंत पोचेल.

१७ मार्च, सोमवार

शनिवारचं आज लिहितेय.

हे सकाळी पाळीवर गेले. मला चैन पडेना. माझी सुट्टी असून ऑफिसात गेले. साहेबांच्या खोलीला कुलूप. शिपाई म्हणाला, साहेब कालच गावाला गेले, मंगळवारी येतील. मॅनेजरांच्या क्लार्कला विचारलं, सर्वेकडून काल काही निरोप? तो म्हणाला, "नाही बुवा. का?"

त्या "का"ला उत्तर द्यायला मी थांबले नाही. दुसरी प्रत घेतली आणि खाणीच्या तोंडाशी धावत गेले.

माणसं खाली-वर नेणाऱ्या पिंजऱ्यापाशी मुकादम उभे होते. "बाई, इकडे यायचं नाही तुम्ही."

"दक्षिणेची माणसं वर बोलवा. पुढे पाणी आहे."

"कुणाची ऑर्डर?"

"ऑर्डर नाही. नकाशा आहे."

"नकाशा तर आहे माझ्याकडे. सर्वेच्या सहीचा."

"तो चुकीचा आहे. तो मीच काढलाय. हा बघा."

मुकादमांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. सरळ फोन उचलला आणि खाली ओरडले, "दक्षिण सोडा! हत्यारं टाका, माणसं काढा!"

पुढचं ह्यांनी सांगितलं. निरोप आला तसे सगळे निघाले. वळणावर आल्यावर रेडिओ थांबला. बाजूच्या गल्लीत दोघं ड्रिल मारत होते, त्या आवाजात त्यांना काय ऐकू जाणार. हे म्हणाले, मी येतो. रेडिओ म्हणाला, "तू यांना घेऊन हो पुढे. माझा आवाज जातो लांब." ते दोघं धावत आले. म्हणाले, रेडिओ मागेच आहे. तेवढ्यात आधी वारा आला. कानठळ्या बसवणारा वारा, आणि दिवे विझले. वाऱ्यामागून पाणी.

पिंजरा वर येत होता, मी माणसं मोजत नव्हते, तोंडं बघत होते. हे दुसऱ्या खेपेला आले. मला पाहिलं आणि नजर वळवली.

तिसरा पिंजरा रिकामा आला.

२० मार्च, गुरुवार

रेडिओच्या घरी गेले. हे नको म्हणत होते. त्याची बायको मला ताई म्हणते, लग्नात तिची साडी मी नेसवली होती. तिने इतर बायकांना बाहेर बसायला सांगितलं.

"ताई, लोक काहीबाही बोलतायत. तुम्ही सांगा. नीट सांगा, मला समजेल असं."

मी सांगितलं. डिस्क, आकडे, पुन्हा शून्यापासून मोजणारं मशीन, एका जागेचे दोन पत्ते. मग म्हणाली, "त्याला येत नव्हतं एवढं मोजायला, तर तसं म्हणालं का नाही ते?"

"ते म्हणत नाही. जे सांगाल त्याला हो म्हणतं."

"आणि तुमचे साहेब? त्यांना तर शुक्रवारी कळलं होतं ना?"

आठवडाभर मी आकड्यांतच अडकून पडले होते. शुक्रवारी लागलेलं ते दार मी आज पहिल्यांदा पाहिलं. जवळ घ्यायला हात पुढे केला तर ती मागे सरकली नाही, पण जवळही आली नाही.

घरी येताना साहेबांचा माणूस भेटला. साहेबांनी डिस्क मागितलीय, आणि निरोप आहे, चौकशीत "मशीनचा दोष" एवढंच म्हण, बाकी ते सांभाळतील. डिस्क मी मशीनमधून काढून मुकादमांकडे दिली होती, पावती घेऊन. कालच. का दिली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

२ एप्रिल, बुधवार

चौकशी. लांब टेबल, तीन अधिकारी. साहेब आधी बोलले. त्यांनी माझी जानेवारीतली सही पुढे ठेवली. "नकाशे बाईंनी स्वतः तपासले होते. शुक्रवारी मला त्या काहीतरी तांत्रिक अडचण म्हणाल्या, पाण्याचा उल्लेख केला नाही." माझ्याकडे बघितलंही नाही. आवाज अगदी मऊ. पाणी दिलं तेव्हा होता तसाच.

मी उभी राहिले. आकडे मी भरले, ठिपके मी पुसले, सगळं सांगितलं. मग शुक्रवारी दारामागे काय बोलणं झालं तेही.

"याला पुरावा?" मधल्या अधिकाऱ्याने विचारलं.

पुरावा नव्हता. तेवढ्यात मागून मॅनेजरांचा क्लार्क उठला. शुक्रवारी संध्याकाळी सर्वेच्या साहेबांनी फोन करून विचारलं होतं म्हणे, पाहणी दोन दिवस आधी घेता येईल का, म्हणून. दक्षिणेचं काम पुढे थांबवावं लागेल, त्याच्या आत. ती नुसती तारखेची चौकशी, निरोप नव्हे, म्हणून शनिवारी तो मला नाही म्हणाला होता.

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. साहेब निलंबित झालेत, मीही. निकाल लागेल तेव्हा लागेल. हे बाहेर झाडाखाली उभे होते, त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली.

२६ एप्रिल, शनिवार

पाणी उपसून झालं. परवा रेडिओ सापडला. वळणाच्या अलीकडे, भिंतीला पाठ लावून बसलेला. हे त्याला आणायला खाली गेले होते.

आज मुकादम घरी आले. मी निलंबित असले तरी दक्षिणेचा नकाशा दुसरं कोण काढणार, म्हणाले. या वेळी कॉम्प्युटर नको. खाली जाऊन फीत धरून मोजायचं आणि कागदावर काढायचं. हे आणि मुकादम मोजून आले, मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. हे आकडे सांगत गेले, मी रेघा ओढत गेले. प्रत्येक आकडा दोनदा विचारला. हे न चिडता दोनदा सांगत होते.

वळणापाशी आलो तेव्हा दोघंही थांबलो.

पाण्याला खूण असते, ढासळलेल्या छताला असते, बंद केलेल्या गल्लीला असते. याला कुठलीच नाही.

"काढू का काही?" मी विचारलं.

"काढ."

"काय काढू? नियमात बसत नाही."

ह्यांनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि भिंतीलगत एक छोटा गोल काढला. नीट जमला नाही, पुन्हा काढला. "उद्या कुणी तरी विचारेल, हे काय आहे," हे म्हणाले. "विचारू दे."

मी गोलाच्या शेजारी रेडिओचं खरं नाव लिहिलं, आणि पुढचा आकडा विचारला.